फोनला पेलेल असा हेडफोन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की आहार, अल्पबचत, मुलांचे संगोपन असे विषय ठरलेले असतात. यंदा सेक्रेटरीबाईंनी मला विषय विचारला व मी "हेडफोन" असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग निमूटपणे वहीत लिहून घेतले. कानांत बोंडे घालून बसणे हा तरण्या पोरांचा उद्योग, त्याचे महिला मंडळात काय काम, असे त्यांच्या मनात आले असल्यास नवल नाही. परंतु पुष्कळ वर्षे शाळेत विज्ञान शिकविल्यामुळे आळीत कोणाचे विजेचे काही अडले की लोक माझ्याकडे येतात, आणि अलीकडे इस्त्री व मिक्सर यांच्यापेक्षा हेडफोनच जास्त येऊ लागले आहेत. बहुतेकींची तक्रार एकच. "बाई, पैसे तर घातले, पण नीट ऐकूच येत नाही. दुकानदार म्हणतो, वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागेल."

तो ॲम्प्लिफायर घेण्याची आपल्यापैकी कोणालाही गरज नाही, हे सांगण्यासाठी मी आज उभी आहे. आपल्याजवळ जो फोन आहे त्याला पेलेल असा हेडफोन निवडला म्हणजे झाले. आणि चांगला हेडफोन कोणता म्हणाल, तर फोनचा आवाज निम्म्यावर ठेवूनही ज्यात शब्दन् शब्द स्पष्ट कळतो तो.

हा विषय किरकोळ वाटत असेल तर घरातील एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. पुढच्या खोलीत टीव्हीवर मालिका चालू आहे, स्वयंपाकघरात मिक्सर फिरतो आहे, अंगणात पोरांचा दंगा, आणि एका कोपऱ्यात थोरली मुलगी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी फोनवर ऐकत बसली आहे. तिला स्वतंत्र खोली देणे आपल्यापैकी किती जणींना शक्य आहे? बरा हेडफोन तिला निदान कानांपुरती खोली मिळवून देतो. आपलीही तीच गोष्ट. डाळ निवडताना, शिलाई मशीनवर बसल्यावर, रात्रीची झाकपाक उरकल्यावर जो अर्धा-पाऊण तास बाईच्या वाट्याला येतो, त्यात कोणाची झोपमोड न करता तिला कीर्तन ऐकता यावे, बातम्या ऐकता याव्यात, पुण्याला कामावर गेलेल्या मुलाशी चार शब्द नीट बोलता यावेत. आणि आपण तर नर्सीच्या बायका. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबातून माणसे आपल्या गावी येतात. पंडित भीमसेन जोशी यांनी गायिलेले नामदेवांचे अभंग आणि शीख रागींनी गायिलेली नामदेवांची पदे आज एकाच फोनवर लागोपाठ ऐकता येतात. ती मी शांतपणे ऐकली तेव्हा मला जे वाटले ते सांगायला दुसरे भाषण लागेल. असो.

हेडफोनचा इतिहास पाहू गेल्यास त्याची सुरुवातच मुळी ॲम्प्लिफायरवाचून झालेली आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने स्वयंपाकघरात खटपट करून दोन्ही कानांना लागणारा हेडफोन तयार केला व तो अमेरिकेच्या आरमाराकडे पाठविला. असे सांगतात की मोठ्या प्रार्थनामंदिरातील प्रवचन त्याला नीट ऐकू येत नसे, त्यातून त्याला ही कल्पना सुचली. सप्ताहाच्या मंडपात मागे बसणाऱ्या बायकांना त्याचे दुःख समजावून सांगायला नको. त्याच्या हेडफोनचा गुण असा की अगदी क्षीण विजेवरही तो बोले. पुढे रेडिओ आला तेव्हा स्वस्तातले संच स्फटिकाचे असत. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, त्या काळात जगभर असे संच वापरात होते. त्यांना बॅटरी नाही की घरची वीज नाही. उंच बांधलेल्या तारेवर हवेतून जेवढी शक्ती उतरेल तेवढ्यावर कानातला हेडफोन वाजायचा. म्हणजे थोडक्या विजेवर स्पष्ट बोलणे हा हेडफोनचा जन्मजात गुण आहे. ॲम्प्लिफायर मागणारे हेडफोन मागाहून आले, व ते मुख्यत्वे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओसाठी. तेथे एकाच यंत्राला अनेक हेडफोन जोडावे लागत, तेव्हा प्रत्येकाने थोडाच प्रवाह ओढावा म्हणून त्यांच्यात बारीक तारेचे पुष्कळ वेढे घालीत. स्टुडिओत मोठाली यंत्रे असतात, तेथे ते चालते. आपल्या फोनला ते जड जाते.

आता हे जड जाणे म्हणजे काय ते पाहू. हेडफोनच्या पोटात एक लोहचुंबक, एक बारीक तारेचे वेटोळे व त्याला चिकटविलेला पातळ पडदा, एवढाच संसार असतो. वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबकापुढे हलते, पडदा हलतो, हवा हलते, आणि आपण ऐकतो. छपरावर पाण्याची टाकी असते ना, तसा फोन समजा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. फोन ही अगदी बुटकी टाकी आहे. बहुतेक फोनचा जोर अर्धा ते एक व्होल्ट, त्याहून अधिक नाही. आणि हेडफोन म्हणजे त्या टाकीला जोडलेली नळी. नळी रुंद असली तर बुटक्या टाकीचे पाणीही भळभळ येते, चिंचोळी असली तर थेंब थेंब. चिंचोळ्या नळीला जोराने पाणी हवे असेल तर टाकी उंच करावी लागते. दुकानदार जी वेगळी पेटी आपल्या गळ्यात घालू पाहतो ती म्हणजे ही उंच टाकी.

नळी किती चिंचोळी आहे हे सांगणाऱ्या मापाला ओहम म्हणतात. खोक्यावर आकड्यापुढे घोड्याच्या नालेसारखी एक खूण छापलेली असते, ती ओहमची. ती खूण शोधा. साध्या इयरफोनवर १६ किंवा ३२ असा आकडा सापडेल. सेन्हायझर कंपनीचे एचडी ६०० व एचडी ६५० हे नावाजलेले हेडफोन ३०० ओहमचे आहेत. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा तर ३२, ८० व २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळत आलेला आहे. नाव एक, तोंडवळा एक, स्वभाव तीन. फोनच्या अर्ध्या व्होल्टवर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ८ मिलिवॅट शक्ती मिळते, २५० ओहमच्या हेडफोनला फक्त १, आणि ३०० च्या हेडफोनला तीही पुरती नाही. फोन तोच, गाणे तेच, आणि शक्ती आठपट कमी.

परंतु केवळ ओहम पाहून भागत नाही, आणि पुष्कळ शिकलेली माणसेही येथेच फसतात. मिळालेल्या शक्तीचा हेडफोन कितपत उपयोग करतो, हा दुसरा प्रश्न. एका शेळीला ओंजळभर पेंड घातली तर ती शेरभर दूध देते, दुसरी तेवढ्यावर पावशेरही देत नाही. हेडफोनच्या बाबतीत या गुणाला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक मिलिवॅट शक्ती दिली असता किती डेसिबल आवाज निघतो, ते त्यात सांगितलेले असते. खोक्यावर ते डीबी या अक्षरांनी लिहितात. डेसिबलचे गणित असे की दर तीन डीबींना शक्ती दुप्पट लागते. हायफायमॅन कंपनीचा एचई-६ नावाचा एक हेडफोन होता. ओहम पाहाल तर केवळ ५०. वाटेल की फोनवर सहज चालेल. पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५ डीबी. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हा ३८ ओहम व ९९ डीबीचा आहे. दोघांत फरक १५.५ डीबींचा, म्हणजे तेवढाच आवाज काढायला पहिल्याला सुमारे ३५ पट शक्ती हवी. तो खाऊन खाऊन फोनचे काय खाणार! उलट, सोनीचा एमडीआर-७५०६ हा ६३ ओहमचा असूनही १०६ डीबीचा आहे, म्हणून फोनवर मोकळेपणाने वाजतो.

तेव्हा हिशेब एवढा ठेवा. ओहम १६ ते ६० च्या आसपास, आणि मिलिवॅटला ९८ डीबी किंवा त्याहून अधिक. या चौकटीत बसणाऱ्या हेडफोनला ॲम्प्लिफायर लागत नाही. एक खबरदारी मात्र घ्या. काही कंपन्या डीबीचा आकडा एका मिलिवॅटला न देता एका व्होल्टला देतात. तो आकडा मोठा दिसतो. ३२ ओहमच्या हेडफोनला मिलिवॅटमागे १०० डीबी असतील तर व्होल्टमागे तेच ११५ होतात. वस्तू तीच, माप वेगळे. भाव सांगताना कोणी किलोचा सांगावा आणि कोणी पायलीचा, त्यातला हा प्रकार.

खोक्यावरचे बाकीचे आकडे पाहून हुरळून जाऊ नका. "२० ते २०,००० हर्ट्झ" हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते, दोनशे रुपयांच्यावरही आणि वीस हजारांच्यावरही. त्यावरून निवड करणे म्हणजे "दोन हात, दोन पाय" एवढे वाचून मुलगा पसंत करण्यासारखे आहे. पडदा ४० मिलिमीटरचा आहे की ५० चा, यावरूनही आवाजाचा चांगलेपणा ठरत नाही.

आपल्यातील एका भगिनीच्या मुलाने शहरातून आईसाठी मोठ्या प्रेमाने एक हेडफोन पाठविला. वस्तू उत्तम, पण स्टुडिओतली, २५० ओहमची. सिनेमाची नवी गाणी त्यावर बऱ्यापैकी ऐकू येत. परंतु बाईंना हवे होते कीर्तन, आणि तेही कोणीतरी मंडपात बसून फोनवर टिपलेले. ते आवाज पूर्ण वाढविला तरी लांबून आल्यासारखे वाटे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नव्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण मुळातच चढ्या पातळीवर करतात. मंडपात टिपलेला आवाज, जुन्या मैफली, शाळेतल्या बाईंची फोनवरची शिकवणी, या गोष्टी मुळात हळू असतात. म्हणून दुकानात गाण्यावर ठीक वाटलेला हेडफोन घरी कीर्तनाला कमी पडतो. तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने त्यांना दोन-अडीच हजारांची ध्वनिवर्धक पेटी सुचविली. ती घेतली असती म्हणजे तिला चार्ज करायचे, तिची वायर सांभाळायची, फोन एका हातात व पेटी दुसऱ्या हातात धरून गोठ्यात जायचे! नालेसाठी घोडे घेणे म्हणतात ते हेच. आम्ही दोघींनी विचार करून तो हेडफोन मुलाकडे परत पाठविला; त्याच्याजवळ संगणकाला जोडायचे यंत्र आहे, तेथे तो उत्तम वाजतो. पेटीला जेवढे पैसे लागले असते त्याहून कमी पैशांत बाईंना ३२ ओहमचा एक आणि सुनेला एक असे दोन हेडफोन आले.

आता ज्यांना दोन-चारशे रुपयांचेच इयरफोन घ्यायचे आहेत त्या म्हणतील, बाई, आमचे तर सगळेच १६ नि ३२ ओहमचे, मग आम्हांला का ऐकू येत नाही? त्याचे कारण ओहम नव्हे. त्याचे कारण कानात नीट न बसणे. माझ्या मते ही बाब आकड्यांपेक्षाही महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

कानात घालायच्या बोंडांबरोबर रबराच्या तीन मापांच्या टोप्या येतात. बहुतेक जणी खोक्यात आधीपासून बसविलेली मधली टोपी तशीच ठेवतात व बाकीच्या दोन जोड्या पोरे हरवून टाकतात. टोपी सैल असली की दोन गोष्टी होतात. मृदंगाची धूम व तंबोऱ्याचा खर्ज फटीतून निघून जातो आणि आवाज पत्र्याच्या डब्यासारखा लागतो. शिवाय बाहेरचा गोंगाट आत येतो, मग त्याच्यावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवीत जातो. योग्य टोपी घालून पाहा. तोच दोनशेचा इयरफोन पाचशेचा वाटू लागेल. डाव्या व उजव्या कानाची मापे वेगळी असू शकतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

डोक्यावरून घ्यायच्या मोठ्या हेडफोनची गोष्ट पुरुषांना विचारून उपयोग नाही. त्यांना ना अंबाडा, ना कुड्या, ना डोक्यावरचा पदर. लोंबते डूल उशीखाली दाबले जाऊन पाच मिनिटांत कान दुखू लागतो. चष्म्याची काडी उशीखालून गेली की तेथे फट पडते आणि खालचे सूर गळतात. म्हणून उशी जाड व मऊ हवी, कानाला पूर्ण वेढणारी हवी, आणि वरचा पट्टा अंबाड्यापुढे बसतो की त्यावर घसरतो ते घालूनच पाहायला हवे. मागची बाजू उघडी, जाळीची असलेले हेडफोनही मिळतात. निवांत खोलीत त्यांचा आवाज फार मोकळा वाटतो, पण ते आतले बाहेर व बाहेरचे आत जाऊ देतात. आपल्या घरांतून ते कामाचे नाहीत. शेजारी निजलेल्या मुलालाही कीर्तन ऐकावे लागेल. आपल्याला बंद पाठीचेच बरे.

दुकानात जाताना स्वतःचा फोन न्या. दुकानदाराच्या फोनवर, त्याने लावलेल्या धडाकेबाज गाण्यावर कोणताही हेडफोन छानच वाटतो. आपल्या फोनमधील सर्वांत हळू असलेले ध्वनिमुद्रण लावा व आवाज बरोबर निम्म्यावर ठेवा. रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहा. सगळे शब्द कळले पाहिजेत. मग एखादा भजनाचा तुकडा लावा. टाळांचा आवाज मधुर पण लखलखीत हवा, सुईसारखा टोचणारा नको. गाणाऱ्याचा "स" व "श" कानाला चरचरला तर तो हेडफोन दहा मिनिटांनी डोके उठवील. मृदंगाच्या डाव्या अंगाची घूम स्वतंत्र ऐकू येते की सगळ्याचे पिठले होते ते पाहा. खोक्यावर "जादा बास" असे लिहिलेल्या मालात हे पिठले हमखास होते, आणि बाईमाणसाचा आवाज त्यात बुडतो. शेवटी, मी तर म्हणते की हेडफोन दहा-पंधरा मिनिटे घालून उभ्या राहा. दुकानदार चुळबुळ करील. करू द्या. दागिना घेताना आपण तासभर बसतोच ना?

तारेच्या टोकाची पिनही न्याहाळावी. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील तर त्यात बोलण्यासाठी माईक आहे, दोनच असतील तर फक्त ऐकण्याची सोय. पिनेजवळ व कानाजवळ तार जेथे आत शिरते तेथेच ती तुटते; तेथे रबराचा लवचीक गळा असला तर वस्तू जास्त टिकते. आणखी एक गंमत. ज्या फोनमध्ये एफएम रेडिओ आहे, त्यात तारेच्या हेडफोनची तारच एरियलचे काम करते, म्हणून ती लावल्यावाचून रेडिओ लागत नाही.

आता मला जे सर्वांत तळमळीने सांगायचे आहे त्याकडे येते. निम्म्या आवाजाचा मी एवढा आग्रह का धरते? कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग आहे. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. आधी जातात ते वरचे, बारीक सूर. म्हणजे माणसाला आवाज ऐकू येतो पण "स", "फ", "थ" कळेनासे होतात. आपल्या घरची म्हातारी माणसे म्हणतात ना, "ऐकू येते गं, पण काय बोलतेस ते उमगत नाही", तेच पन्नाशीत व्हायचे ते पंचविशीत होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा अशी आहे: ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ८९ ला अवघे ५ तास. मुलांसाठी तर ही मर्यादा ८० ऐवजी ७५ पासून मोजायची. याच संघटनेच्या अंदाजाने जगात १२ ते ३५ वर्षे वयाच्या १०० कोटींहून अधिक तरुण-तरुणींच्या श्रवणशक्तीला अशा ऐकण्यामुळे धोका आहे. हे लक्षात घ्या की फोनला पेलणारा ३२ ओहमचा हेडफोन पूर्ण आवाजावर १०० डेसिबलच्याही वर सहज जाऊ शकतो. जो हेडफोन फोनवर चांगला चालतो तोच कानाला अपायही करू शकतो. त्याचा जादा जोर हा हळू ध्वनिमुद्रण ऐकता यावे म्हणून राखीव ठेवायचा. घरात गडगंज धान्य आहे म्हणून कोणी चौपट जेवत नाही.

एसटीत, पिठाच्या गिरणीत, मशीनच्या घरघरीत पोरी आवाज चढवितात. त्यांना "कमी कर" म्हणून ओरडण्यापेक्षा नीट बसणारी टोपी घेऊन द्या. आवाज त्या आपणहून खाली आणतात, कारण बाहेरचा गोंगाट आत येत नाही. पुष्कळ फोनमध्ये आवाजाची वरची मर्यादा बांधून ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. तीही लावून टाका. आणि हेडफोन काढल्यावर कानात कुंई असा नाद राहिला तर त्या दिवशी पुन्हा घालू नये.

मंडळाने आधी जाहीर केल्याप्रमाणे काही चिठ्ठ्या आलेल्या आहेत. वेळ थोडा आहे, तेव्हा चारच घेते.

पहिली चिठ्ठी: "नवीन फोनला हेडफोनचे भोकच नाही, मग काय करावे?" आयफोनने ते भोक २०१६ मध्ये काढले व नंतर पुष्कळांनी त्याचे अनुकरण केले. अशा फोनच्या चार्जिंगच्या जागी लावायचा बोटभर लांबीचा जोड मिळतो. घेताना "ह्यात डॅक आहे ना?" एवढा एक प्रश्न विचारा. डॅक म्हणजे फोनमधील आकड्यांचे आवाजाच्या विजेत रूपांतर करणारा चिमुकला भाग. तो असलेल्या जोडात एक लहानसा ॲम्प्लिफायरही असतोच, वेगळा घ्यावा लागत नाही. डॅक नसलेला स्वस्त जोड काही फोनवर मुळीच वाजत नाही, आणि मग विनाकारण हेडफोनला दोष येतो.

दुसरी: "बिनतारी चांगला की तारेचा?" बिनताऱ्याच्या पोटात स्वतःची बॅटरी व स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, म्हणून त्याच्या बाबतीत ओहमची चिंता नाही. भाकऱ्या थापताना, धुणे धुताना तार मध्ये येत नाही हे मोठेच सुख. पण तो चार्ज करावा लागतो, काही वर्षांनी त्याची बॅटरी दमते, व ती बदलून देणारा सहसा भेटत नाही. सुटी बोंडे गोठ्यात पडली तर शोधणाऱ्याची परीक्षाच. मानेभोवती राहणारा पट्ट्याचा प्रकार त्यातल्या त्यात सोयीचा. अभ्यासाला मात्र मी तारेचाच म्हणेन. लाइट गेली तरी तो अडून बसत नाही, आणि त्याच पैशांत आवाज चांगला मिळतो.

तिसरी: "शेताच्या वाटेने जाताना घातला तर चालेल का?" नको. मागून ट्रॅक्टर येतो, मोटारसायकल येते. फारच वाटले तर एकाच कानात, आणि तोही रस्त्याच्या कडेकडच्या. दुसरा कान रस्त्याला द्या.

चौथी चिठ्ठी एका सुनेची आहे. "सासूबाईंना कमी ऐकू येते. त्यांना भजन ऐकण्यासाठी हेडफोन भेट द्यायचा आहे. किती मोठ्या आवाजाचा घ्यावा?" बाई, आधी त्यांना हिंगोलीला कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी कधी नुसता मळ निघतो आणि ऐकू येऊ लागते. नस कमजोर झाली असेल तर श्रवणयंत्र लागेल. गरजूंना ते सरकारच्या योजनेतून मिळण्याची सोय आहे, त्याची चौकशी तेथेच करा. हेडफोन हे श्रवणयंत्र नव्हे. डॉक्टरांनी हरकत नाही असे सांगितले तर मग डोक्यावरून घ्यायचा, मऊ उशीचा, बंद पाठीचा, ३२ ओहमचा तारेचा हेडफोन घ्या. बोंडे त्यांना सापडणार नाहीत. तार लांब असू द्या, म्हणजे फोन फळीवर ठेवून त्यांना बाजेवर टेकून ऐकता येईल. उजव्या बाजूला लाल दोऱ्याची एक गाठ बांधून ठेवा, त्या छापलेल्या बारीक अक्षरांपेक्षा ती लवकर दिसते. आवाजाची मर्यादा तुम्ही बांधून द्या. रंग मात्र त्यांनाच विचारून घ्या.